हाडामांसाचे पाठभेद

सातवीत असताना शाळेच्या मैदानावर आपटलो आणि डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तालुक्याच्या गावी नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि वडिलांना म्हणाले, ‘‘वाटी फुटलीय. हा कोपरा सुटलाय, बघा.’’ मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. सहा आठवडे मी पडवीत पाय स्टुलावर ठेवून बसलो. आत खाज सुटली की आईची विणकामाची सुई प्लास्टरमध्ये सरकवायची, एवढाच काय तो विरंगुळा.

पुढे तेवीस वर्षांनी तोच गुडघा जिना उतरताना दुखू लागला, तेव्हा पुण्यात एका डॉक्टर बाईंकडे गेलो. वडिलांनी जुनी फिल्म पाकिटात जपून ठेवली होती, तीही बरोबर नेली. बाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि पेनाच्या टोकाने वाटीचा वरचा, बाहेरच्या बाजूचा कोपरा दाखवला. ‘‘हा तुकडा तेव्हा जिथे होता तिथेच आजही आहे. आणि याच्या कडा बघा, कशा गुळगुळीत आहेत. मोडलेल्या हाडाची कड दातेरी असते. तुमची वाटी फुटली नव्हती हो. ती एक झालीच नव्हती.’’ उजव्या गुडघ्याची फिल्म काढली. तीही तशीच निघाली, आणि तो गुडघा मी कधी आपटल्याचं मला आठवत नाही.

वाढीच्या वयात या कोपऱ्यात हाडाचं एक वेगळं केंद्र तयार होतं आणि यथावकाश मुख्य हाडाशी जुळून जातं. शंभरात एखाद-दुसऱ्याचं ते जुळत नाही. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या गुडघ्याला तेव्हा मुका मार होता, आणि वाटी फुटल्याचं निदान हा फिल्मचा लावलेला चुकीचा अर्थ होता. मला मात्र त्या दिवसापासून एका शब्दाने पछाडलं. वाटी! फुटणं, तडा जाणं, कोपरा उडणं हे सगळं त्या शब्दात आधीच भरलेलं आहे. भांड्याचं नाव दिलं की भांड्याचं भाग्यही त्याला चिकटतं.

लॅटिनमध्येही ही वाटीच आहे. पटेला म्हणजे छोटं ताट, छोटं पसरट भांडं. आणि शरीरातली नावं एकदा या नजरेने बघू लागलं की आपण शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात येतो. खुब्याच्या खोबणीचं लॅटिन नाव असिटॅब्युलम, म्हणजे जेवणाच्या मेजावरची व्हिनेगरची वाटी. आपण त्याच सांध्याला उखळीचा सांधा म्हणतो. मनगटातलं एक हाड पिसिफॉर्म, वाटाण्यासारखं. कंडरेच्या आत वाढणारी बारीक हाडं सेसमॉइड, तिळासारखी (गुडघ्याची वाटी हे यांतलंच सगळ्यात मोठं हाड, म्हणजे शास्त्राच्या हिशेबी वाटीही एक तीळच). काहींच्या गुडघ्यामागे एक हाडाचा दाणा असतो, तो फॅबेला, म्हणजे छोटा वाल. पहिली नावं देणाऱ्यांनी हातातलं हाड घराघरात असलेल्या वस्तूंशी ताडून पाहिलं, हे मला फार आपलंसं वाटतं.

आपल्याकडे तर हे नातं त्याहून जुनं आहे. कोकणात मे महिन्यात फणस फोडला की गरे ताटात जातात आणि आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवल्या जातात. आषाढात चुलीत भाजलेली गरम आठळी सोलताना कुणाला वाटत नाही की आपण हाड सोलतो आहोत. पण संस्कृत ‘अस्थि’, पालीत आणि प्राकृतात ‘अट्ठि’, आणि त्यातूनच आपली ‘आठी’, ‘आठळी’. पालीत अट्ठि म्हणजे हाडही आणि फळातली कठीण बीही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आंब्याचा दाखला आहे. कोवळ्या आंब्यात केसर, मांस, अस्थी, मज्जा वेगवेगळी दिसत नाहीत, कारण ती फार सूक्ष्म असतात; आंबा पिकला की तीच स्पष्ट होतात, आणि गर्भाचंही तसंच आहे. आंब्याला मांस आहे, हाड आहे, हाडात मगज आहे. कोय फोडून आतला गर पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

‘अस्थि’ हा शब्द आपल्या तोंडात फळाची बी होऊन राहिला आणि माणसाच्या अंगातल्या वस्तूला ‘हाड’ हा वेगळाच शब्द मिळाला. संस्कृत कोशांत तो ‘हड्ड’ असा उशिरा दिसतो, पण लोकांच्या तोंडी रुळला तो असा की आज मराठीत माणसाचं सत्त्वच हाडात असतं. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी, हाडवैर, हाडीमांसी खिळलेली सवय. ‘अस्थी’ म्हटलं की मात्र आपल्याला आठवतं ते विसर्जन. जिवंत माणसाला हाडं असतात, गेलेल्याच्या अस्थी होतात.

ही हाडं किती, या प्रश्नाचं उत्तर कधीच एक नव्हतं. शतपथ ब्राह्मणात ती ३६०, वर्षाच्या दिवसांइतकी. चरकाची संख्याही ३६०. तिच्यात दात आणि नखं धरली आहेत. सुश्रुत सांगतो की वेद जाणणारे ३६० म्हणतात, पण शल्यतंत्रात ती ३०० च. आजचं पुस्तक २०६ सांगतं. नवजात बाळात सुमारे २७० असतात, मग त्यांतली बरीच एकमेकांत मिसळून जातात. रूडॉल्फ होर्नले या प्राच्यविद्या पंडिताने १९०७ साली या भारतीय मोजणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. हा फरक मला कधी अज्ञानाचा वाटला नाही. कूर्चा धरायची की नाही, दात धरायचे की नाही, कुठल्या वयाचा माणूस समोर ठेवायचा, यावर संख्या ठरते. २०६ हा आकडासुद्धा असाच ठरवून घेतलेला आहे. त्यात गुडघ्यामागचा वाल नाही, कवटीच्या शिवणींमध्ये काहींना असणारी जास्तीची बारीक हाडं नाहीत. आणि तो वाल वाढतो आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा १९१८ च्या सुमारास ११ टक्के गुडघ्यांत असलेलं हे हाड २०१८ मध्ये ३९ टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसलं. शंभर वर्षांत माणूस बदलला आणि पुस्तकातला आकडा जागेवरच राहिला.

हाडांकडून मांसाकडे वळताना मला तालमीची आठवण येते. गावच्या आखाड्यात पोरं दंड वळवून ‘बेडकुळी’ काढून दाखवायची. कातडीखाली काहीतरी टुणकन उठतं, म्हणून बेडकुळी. रोमन माणसाला तिथे उंदीर दिसला; मस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर, आणि ग्रीक ‘मिस’ या एकाच शब्दाचे अर्थ उंदीर आणि स्नायू असे दोन्ही होते. लॅटिनमध्ये दंडाला लॅसर्टस असंही म्हणत, म्हणजे सरडा. हिंदीत तिथे मछली पोहते. चार भाषा, चार जनावरं, आणि चौघांनीही पाहिली ती एकच गोष्ट: कातडीखालची हालचाल. विच्छेदनाच्या टेबलावर पडलेला स्नायू कुणालाच बेडकी दिसला नसता. ही नावं जिवंत माणसाकडे बघून दिलेली आहेत. आणि बेडकुळीचं शास्त्रीय नाव बायसेप्स, म्हणजे दोन डोकी असलेला. नावातच संख्या गोठवून टाकली. साधारण दहांत एकाच्या दंडात तिला तिसरं डोकंही असतं.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा प्रपंच, त्याकडे येतो. स्नायू.

आज मराठीत स्नायू म्हणजे मसल. शाळेच्या पुस्तकापासून जिमच्या पाटीपर्यंत. पण बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह, आणि जुन्या हिंदीतही ‘स्नायविक दुर्बलता’ म्हणजे नसांचा अशक्तपणा. उलट हिंदी-बंगालीत पेशी म्हणजे मसल, आणि मराठीत पेशी म्हणजे सेल. कोलकात्यात नोकरीला असलेला माझा भाचा तिथल्या डॉक्टरांकडून परतला आणि फोनवर म्हणाला, ‘‘मामा, स्नायूचा त्रास आहे म्हणतात, मालीश करून घेऊ का?’’ डॉक्टर बोलले होते मज्जातंतूंबद्दल. त्याला मालीश करू नको सांगितलं आणि तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो.

सुश्रुताकडे गेलं तर तिथे पेशी ५०० आणि स्नायू ९००, म्हणजे या दोन वेगळ्या वस्तू. पेशी म्हणजे मांसाचा गोळा, मांसाचा पट्टा. महाभारतात गांधारीच्या पोटातून निघाली ती मांसपेशीच, जिचे शंभर आणि एक भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवले. स्नायू मात्र बांधणारी वस्तू. सुश्रुत नावेचा दृष्टान्त देतो: फळ्या अनेक दोऱ्यांनी घट्ट आवळल्या की नाव पाण्यात भार वाहते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार पेलतो. म्हणजे आजचे लिगामेंट आणि टेंडन, अस्थिबंध आणि कंडरा. वैदिक ‘स्नावन्’ तीच वस्तू, चिवट तंतू, ज्याची धनुष्याची दोरीही होते.

आणि याच शब्दाची सख्खी बहीण ग्रीकमध्ये आहे: न्यूरॉन. लॅटिनमध्ये नर्व्हस. होमरच्या काळात न्यूरॉन म्हणजे कंडरा, धनुष्याची दोरी. पुढे शरीर उघडून पाहणाऱ्यांना मेंदूकडून येणारे पांढरे दोर वेगळे कळले आणि न्यूरॉन हा शब्द त्यांच्याकडे सरकला. पण जुना अर्थ एका कोपऱ्यात राहून गेला. सपाट पसरलेल्या कंडरेला डॉक्टर आजही अपोन्यूरोसिस म्हणतात. त्यात नर्व्हचा काहीही संबंध नाही. म्हणजे एकाच मुळातून निघालेला शब्द ग्रीसमध्ये दोरीवरून नसेवर गेला, बंगालमध्येही नसेवर गेला, आणि महाराष्ट्रात मांसावर गेला. मधली दोरी सगळ्यांच्याच हातून सुटली. आपण नसेसाठी ‘मज्जातंतू’ घडवला, आणि मज्जा तर मुळात हाडातला मगज! रस्सा ओरपताना नळी ठोकून जो काढतात, तो. पाठीच्या कण्यातल्या मऊ दोराला मगजाचं नाव पडलं आणि त्या दोरातून निघणाऱ्या तंतूंनाही तेच लागलं.

सामान्य माणूस या भानगडीत पडत नाही. त्याच्यासाठी सगळंच ‘शीर’. शीर आखडली, शीर चढली, शीर दबली, शीर तुटली. पहिली स्नायूबद्दल, दुसरी कंडरेबद्दल, तिसरी मज्जातंतूबद्दल, चौथी रक्तवाहिनीबद्दल. मूळ ‘सिरा’ फक्त रक्तवाहिनी होती. बोलीला हा ढोबळपणा पुरतो. पण चिमटा आणि चाकू हातात घेतलेल्याला तो पुरत नाही, आणि तिथे हा शब्दांचा घोटाळा डोळ्यांचा घोटाळा होऊन समोर उभा राहतो.

आपला हात पुढे करा. तळवा वर. अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मध्यावर एक दोरी कातडीखाली ताणून उभी राहील. ही पामॅरिस लाँगस या सडपातळ स्नायूची कंडरा. आता दुसरा हात. काहींच्या एका मनगटात ती नसते, काहींच्या दोन्हींत नसते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं तिचा अभाव साधारण १५ टक्के सांगतात. पूर्व आशियातल्या पाहण्यांत आकडा याहून बराच कमी येतो. मी हा प्रयोग एकदा रात्रीच्या जेवणानंतर घरात सगळ्यांना करायला लावला. आईच्या दोन्ही मनगटांत दोरी ठळक. बायकोच्याही. माझ्या उजव्या हातात आहे, डाव्यात नाही. लेकीच्या दोन्हींत नाही, आणि ती बराच वेळ मनगट वाकवून वाकवून बघत बसली, जणू जोर कमी पडत असावा. हाताच्या ताकदीत काही फरक पडत नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

ती असली-नसली तरी चालतं, म्हणूनच ती शल्यविशारदांची लाडकी. दुसरीकडची कंडरा तुटली, पापणी उचलायला आधार हवा, ओठाची पुनर्रचना करायची, तर ही काढून तिथे लावतात. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या डाव्या कोपरातला फाटलेला अस्थिबंध त्याच्याच उजव्या मनगटातल्या या कंडरेने नवा केला. १९७६ साली तो पुन्हा मैदानात उतरला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्या खेळाडूच्याच नावाने ओळखतात. दोरीने सांधा बांधला. सुश्रुताची नावेची उपमा इथे शब्दशः खरी झाली.

पण ती दोरी मुळात नसेल तर? तिच्या अगदी खाली, मनगटाच्या मध्यावर, मीडियन नावाचा मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा यांची स्पर्शसंवेदना आणि अंगठा समोर आणण्याचं बळ त्याच्याकडे आहे. वरची कंडरा नसली की मध्यावर सगळ्यात आधी हाताला लागतो तो हाच. तोही पांढरा, तोही दोरीसारखा. कंडरा समजून हा मज्जातंतूच काढून घेतल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. ज्या माणसाचा हात दुरुस्त करायला घेतला, त्याचाच हात बधिर झाला. स्नायू की न्यूरॉन, दोरी की नस, हा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा शब्दांचा गोंधळ एखाद्या ऑपरेशन थिएटरात कातडीखाली पुन्हा घडतो.

म्हणून जाणते शल्यविशारद भूल देण्याआधी रुग्णाला अंगठा-करंगळी जुळवायला लावतात, दोरी दिसली तर तिथेच पेनाने खूण करतात. भूल दिल्यावर रुग्ण मनगट वाकवणार नाही. आणि आत गेल्यावरही चमक बघतात: कंडरा मोत्यासारखी चकाकते, टणक लागते, मज्जातंतू मऊ, किंचित पिवळसर, अंगावर बारीक रक्तवाहिन्या मिरवणारा. सुश्रुत म्हणतो की हाडं, पेशी, सिरा, सांधे दुखावले तरी माणसाचं तितकं नुकसान होत नाही जितकं स्नायू दुखावल्याने होतं, आणि ज्याला आतले-बाहेरचे स्नायू नीट ठाऊक आहेत तोच खोल रुतलेलं शल्य बाहेर काढू शकतो. शल्य म्हणजे बाणाचं टोक, काटा. आपला ‘सल’ त्यातूनच आला. काटा बोटात सलतो, शब्द मनात सलतो.

मोजण्याच्या चुकीचा धोका सगळ्यात मोठा आहे तो पाठीत. मणका म्हणजे मणी, माळेतला. मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, असा जप शाळेत पाठ होतो. खाली त्रिकास्थी, आणि शेवटी माकडहाड. (ग्रीकांना त्या टोकात कोकिळेची चोच दिसली, म्हणून कॉक्सिक्स. आपल्याला शेपूट आठवली. आपलं नाव जास्त खरं.) कंबर धरलेला माणूस दवाखान्यातून बाहेर येतो तो ‘मणक्यात गॅप आलाय’ किंवा ‘गादी सरकलीय’ असं सांगत. गादी हा शब्द फार चांगला आहे. डिस्क म्हणजे थाळी, पण दोन मण्यांमधल्या त्या मऊ उशीला थाळीपेक्षा गादीच शोभते.

आता कमरेचा पाचवा मणी काहींच्या अंगात त्रिकास्थीला अर्धा किंवा पूर्ण चिकटून बसलेला असतो. काहींत उलटं: त्रिकास्थीचा पहिला मणी सुटा होऊन कमरेत सामील झालेला. मग कमरेत चार मणी दिसतात किंवा सहा. मारिओ बर्टोलोट्टी या इटालियन डॉक्टरने १९१७ साली अशा जोडाचा कंबरदुखीशी संबंध दाखवला. हे किती जणांत आढळतं याचे आकडे ४ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत, कारण कितपत चिकटला म्हणजे चिकटला म्हणायचं, यावरच एकवाक्यता नाही. पुन्हा व्याख्येचाच प्रश्न.

शल्यविशारदापुढचा प्रश्न सरळ आहे. रुग्ण टेबलावर पालथा, कागदावर लिहिलंय ‘चौथ्या-पाचव्याच्या मधली गादी’. तो सी-आर्म या थिएटरातल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर खालून वर मोजतो. एमआरआय वाचणाऱ्याने वरून खाली मोजलं असेल आणि या माणसाच्या कमरेत मणी सहा असतील, तर दोघांचा ‘चौथा’ एकच नाही. चाकू एक मणी वर किंवा एक मणी खाली पडतो, निरोगी गादी निघते, दुखरी तशीच राहते. म्हणून काळजी घेणारे मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजत खाली येतात, अहवालात मोजणी कुठून केली ते लिहितात, आणि थिएटरात त्याच मोजणीने पुन्हा मोजतात. माळ जपणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मेरुमणी कुठला हे ठरल्याशिवाय जप सुरूच होत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. पुण्याच्या त्या डॉक्टर बाईंचा अहवाल इंग्रजीत होता. घरी आलो, आईने विचारलं काय निघालं, आणि मी कागद बघत बघत म्हणालो, ‘‘काही नाही गं, जन्मजात दोष आहे गुडघ्यात.’’ आई गप्प झाली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून उठताना म्हणाली, ‘‘तुझ्या वेळी सातव्या महिन्यात मी विहिरीवर घसरले होते. त्यानेच झालं का रे?’’ तिला जवळ बसवून सांगितलं की तसं काही नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून ते गेलं नाही. पुढच्या वेळी तिला मुद्दाम बरोबर नेलं. बाई म्हणाल्या, ‘‘काकू, यात कुणाचं काही चुकलेलं नाही. ही वाटी अशीही असते, तशीही असते.’’ आईने तो शब्द सोडला, पण मला तो माझ्या तोंडचा शब्द अजून सलतो.

कारण मराठीत या गोष्टीला चांगला शब्दच हाताशी नाही. दोष म्हटलं की अपराध आला. व्यंग म्हटलं की दया आली. विकृती म्हटलं की बोलीत ती शिवीच. अपवाद म्हटलं तर नियम मोडल्याचा ठपका. आणि तीन डोक्यांची बेडकुळी, एका मनगटात नसलेली दोरी, सहावा मणका, दोन तुकड्यांची वाटी यांनी कुठलाच नियम मोडलेला नाही. मला वाटतं, आपल्याकडे एक शब्द फार पूर्वीपासून तयार आहे, तो नुसता वेगळ्या घरात राहतो. पाठभेद.

पोथ्या उतरवणाऱ्यांच्या जगातला हा शब्द: एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींत पडलेला शब्दांचा फरक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठशुद्धी केली, ती हेच भेद ताडून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५ पासून वि. सी. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. वर थोडे श्लोक, आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची रांग. वरचा पाठ हा निवडून, जुळवून उभा केलेला. नेमका तसाच्या तसा पाठ कुठल्याच एका पोथीत नसतो. पाठ्यपुस्तकातला मानवी देहही असाच आहे. २०६ हाडं, दोन डोक्यांची बेडकुळी, कमरेत पाच मणी, सगळं एकदम जुळलेला तो माणूस अनेक देह ताडून उभा केलेला आहे. १५४३ साली शरीररचनाकार व्हेसेलियसने आपला मोठा ग्रंथ छापला आणि प्राचीन वैद्य गॅलेनच्या चुका दाखवल्या, तेव्हा त्याचे गुरू सिल्व्हियस म्हणाले की गॅलेन चुकला नाही, त्याच्यानंतर माणसाचं शरीरच बदललं. एका पोथीवर असा जीव जडला की समोरची पोथी खोटी वाटायला लागते.

ही दोन जगं एका व्यक्तीत भेटली होती, आणि ती व्यक्ती मराठी लेखिका होती. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला तो माणसाच्या कवटीतल्या असमानतेवर. डावी-उजवी बाजू कुणाचीच तंतोतंत सारखी नसते, आणि त्यांच्या प्रबंधाच्या नावातच त्या असमानतेला ‘नॉर्मल’ हे विशेषण लावलेलं आहे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा तर्क होता की या फरकात वंशावंशाचं श्रेष्ठत्व दिसेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही हे लिहून दिलं, त्या काळात, त्या शहरात, त्या मार्गदर्शकांच्या हाताखाली. पुढे ‘युगान्त’ लिहिताना त्यांनी आधार घेतला तो भांडारकरच्या याच चिकित्सक आवृत्तीचा. कवट्यांमधले भेद वाचणारी नजर आणि पोथ्यांमधले भेद वाचणारी नजर एकच होती, असं मला त्यांचं लेखन वाचताना दर वेळी वाटतं.

पाठभेद म्हटलं की भेद नोंदवायची जबाबदारी आपोआप येते. संपादक तळटीप गाळत नाही. शल्यविशारदाच्या कागदावरही ती तळटीप हवी: डाव्या मनगटात कंडरा नाही, कमरेत मणी सहा, मोजणी वरून केली. ती रुग्णालाही त्याच्या भाषेत सांगायला हवी, कारण पुढच्या दवाखान्यात फाइल पोचेल न पोचेल, माणूस तर पोचणारच.

माझ्या गुडघ्यांच्या सगळ्या फिल्म आता त्याच जुन्या खाकी पाकिटात आहेत. त्यावर वडिलांच्या अक्षरात ‘वाटी फुटली, डावी’ एवढंच आहे आणि खाली तारीख. ते मी खोडलं नाही. त्याखाली लिहिलं: ‘दोन्ही वाट्या वाढीतच दोन तुकड्यांच्या. मोडलेल्या नाहीत. प्लास्टर घालू नये.’ आईने चष्मा लावून ते वाचलं, आणि पाकीट पुन्हा कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवून दिलं.